उतरायचं ते दारात

मुंबई सपाट आहे, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. परळमध्ये जन्मल्यामुळे ते आपोआप माहीत होतं. आमच्याकडे चढ म्हणजे पूल. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं, विषय संपला. डोंगर बघायचा असेल तर मे महिन्यात गावी जायचं. त्यामुळे चाळ पाडायच्या वेळी बिल्डरचा एजंट म्हणाला, "माझगावला टेकडीवर हवेशीर जागा आहे, तात्पुरती," तेव्हा मी 'टेकडी' हा शब्द 'हवेशीर' आणि 'तात्पुरती' यांच्याच लायनीत टाकून दिला. तो माणूस आयुष्यात एकदाच खरं बोलला, आणि नेमकं तेच मी मनावर घेतलं नाही.

टेकडी होती. चांगली धडधडीत टेकडी. टॅक्सीवाले पायथ्याशीच थांबून "इधरसेच चले जाओ ना मॅडम" म्हणायचे. वर तिसऱ्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर, त्यात मी आणि बाबा, आणि जिन्याखाली बाबांची सायकल.

बाबा गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. गिरणी गेली, ऑफिस गेलं, त्या जागेवर काचेचा टॉवर आला, तरी सायकल तीच. काळी, बिनगिअरची, दांड्याची, वयाने माझ्याहून मोठी आणि घरात मान पण माझ्याहून मोठा. मागे रुंद कॅरियर. ते चाळीत आमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या काकांनी स्वतः लालबागहून आणून बसवलेलं, कारण मूळच्या कॅरियरवर त्यांची बैठक मावत नव्हती. बाबा आणि हे समोरचे काका एकाच ऑफिसात होते, आणि नोकरीची सगळी वर्षं रोज डबलसीट गेले. बाबा पुढे, काका मागे, काकांच्या मांडीवर दोघांचे डबे.

सायकलच्या बाबतीत बाबांचा एकच नियम. "उतरायचं ते दारात. रस्त्यात उतरतो त्याची एकतर हवा गेलेली असते, नाहीतर अब्रू." परळच्या सपाटीवर हा नियम पाळायला काही पराक्रम लागत नव्हता. माझगावला लागायला लागला.

आता कुणी विचारेल, पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला रोज सायकलवरून जायचं तरी कुठे असतं. तर फळा लिहायला. आमच्या चाळीच्या दारात एक काळा फळा होता आणि तो लिहायचं काम बाबांकडे. वर सुविचार, खाली बातम्या. कुणाचं बारावं, कुणाच्या मुलाची बारावी, पाणी कधी येणार, मीटिंग कधी. चाळ पाडली, पण फळा राहिला. आता तो साइटच्या निळ्या पत्र्याला तारेने टांगलेला आहे. शेजारी बिल्डरचं मोठं पोस्टर, त्यात चाळीस मजले आणि स्विमिंग पूलमध्ये पाय सोडून बसलेली एक गोरी बाई. पत्र्याच्या आत पायाचा खड्डा, त्यात पाणी. काम बंद आहे, पण स्विमिंग पूल तेवढा वेळेआधी तयार झाला.

चाळीतली माणसं डोंबिवली, विरार, कुठे कुठे पांगली. बाबा फळा लिहितात, जवळपास राहणारं कुणीतरी त्याचा फोटो काढतं, आणि तो चाळीच्या ग्रुपवर जातो. मी एकदा म्हणून बघितलं, "बाबा, हे सगळं घरी बसून मोबाइलवर टाइप करता येतं."

"आणि फळा कोण लिहिणार?"

"फळ्याची गरजच नाही."

"मग फोटो कसला काढणार?" ते म्हणाले. 

तर रोज सकाळी बाबा टेकडी उतरायचे, भायखळ्यावरून लालबाग, पुढे परळ. जाताना काय, गुरुत्वाकर्षण फुकट असतं. येताना बेकरीच्या बाजूची चढण. दीड-दोन वर्षं त्यांनी ती दात-ओठ खाऊन काढली. यंदा श्रावणात एक दिवस अर्ध्यावर सायकलचा वेग संपला. शहाण्या माणसाने पाय टेकला असता. बाबांनी नियम पाळला. ते उतरले नाहीत, सायकलच त्यांच्यासकट आडवी झाली. गुडघा सोलला, चष्म्याची काडी मोडली. बेकरीवाल्याने उचलून घरी आणलं, वर मला दोन पाव दिले.

दादा ठाण्याला घोडबंदरला राहतो. बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला वडिलांविषयी फार वरून बोलता येतं. व्हिडिओ कॉलवर गुडघा बघितल्या-बघितल्या त्याने निकाल दिला. "सायकल बंद. दसऱ्याला पूजा कर, हार घाल, मी येऊन घेऊन जातो. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला देऊ, त्याला उपयोग होईल."

"माका काय होवचा नाय," बाबा म्हणाले. बाबा चिडले की मालवणीवर जातात.

"रस्ता चुकीचा आहे म्हणून पडले," मी म्हटलं. "मी सोपा रस्ता शोधते. न उतरता घरी येता येईल असा."

"ठीक आहे. दसऱ्यापर्यंत," दादा म्हणाला. आमच्या घराला दिलेली तारीख पाळणारा तो पहिलाच माणूस निघणार, हे मला तेव्हाच कळलं.

बाबा त्या दिवशी जेवले, पण वाढलं तेवढंच. मग खिडकीशी खुर्ची ओढून गोदीतल्या क्रेन बघत बसले. मी सरळ सांगते, मला भीती वाटली. म्हाताऱ्या माणसाची सकाळी जायची जागा काढून घेतली की तो असा खुर्चीत बसतो, आणि मग खुर्चीतच राहतो. आमच्या मजल्यावर मी हे बघितलेलं आहे. बसने जा म्हणणारे खूप भेटले. बसची पायरी चढताना बाबांचा गुडघा दुखतो, सायकलवर दुखत नाही. हे डॉक्टरला पटत नाही, पण गुडघा डॉक्टरला विचारून दुखत नाही.

मग माझं संशोधन सुरू झालं. आमच्या ऑफिसात एक जण सायकलिस्ट आहे. 'सायकल चालवतो' असं त्याच्याविषयी म्हणायचं नाही, तो सायकलिस्ट आहे. त्याची सायकल माझ्या दोन बोटांवर उचलली जाते आणि माझ्या दोन वर्षांच्या पगारात येते. त्याला विचारलं, माझगावची टेकडी कुठून सोपी पडेल? तो म्हणाला, "सोपी का पाहिजे? हिल म्हणजे चॅलेंज." मग कळलं की हे चॅलेंज घ्यायला तो दर रविवारी सायकल गाडीला बांधून लोणावळ्याला नेतो. चढ चढायला गाडीने जाणाऱ्या माणसाशी मी आणखी काय बोलणार होते.

मग मोबाइलमधला नकाशा. त्यात 'सायकलने' असं बटण असतं. रविवारी सकाळी बाबांची सायकल घेऊन मी निघाले. शाळेत असताना दांड्याखालून पाय घालून याच सायकलवर शिकले होते. आता पाय वरून टाकावा लागतो, आणि पन्नाशीला टेकलेल्या बाईने कुर्ता सावरत दांड्यावरून पाय टाकला की सगळं माझगाव कामं सोडून बघतं. नकाशातली बाई मात्र छान धीर देत होती. डावीकडे वळा, सरळ जा. सरळ गेले तर समोर पायऱ्या. डॉकयार्ड स्टेशनच्या बाजूने वर जाणाऱ्या, चांगल्या दगडी, उभ्या पायऱ्या. "सरळ जा," बाई म्हणाली. एक आजोबा वरून उतरत होते. ते सायकलकडे, मग पायऱ्यांकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जा बाई, जा. देव तुला शक्ती देवो."

मी आणखी तीन-चार रस्ते करून बघितले. एक सोपा वाटला, पण तो गोदीच्या भिंतीपाशी जाऊन संपत होता. एक अगदी मऊ चढ होता आणि त्यावर दिवसभर ट्रक उलटे येत होते. एका गल्लीत मी अर्धी चढून दमले, तर खिडकीतून कुणीतरी विचारलं, "किसके घर जाना है?" मी म्हटलं, माझ्याच. ते काही त्यांना पटलं नाही.

शेवटी मी मोठी चूक केली. चाळीला विचारलं.

साइटच्या पत्र्यापाशी रविवारी जुनी माणसं जमतात. मी तिथे म्हटलं, बाबांसाठी सोपा रस्ता सुचवा कुणीतरी. संध्याकाळपर्यंत एक कमिटी झाली होती. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि विचारार्थ तीन सभासद, त्यातल्या एकालाही सायकल येत नव्हती. पुनर्विकासाच्या वेळी चाळीत दोन गट पडले होते, ते या निमित्ताने परत ताजे झाले. एक गट म्हणाला भायखळ्याकडून वर चढा, म्हणून दुसरा म्हणाला रे रोडकडून. भायखळावाल्यांनी रे रोडवाल्यांना त्यांच्या मामाचं घर तिकडे आहे म्हणून ते तसं बोलतात असं सुनावलं. ठराव झाला, अनुमोदन झालं, चहा झाला. रस्ता झाला नाही.

निघताना एक वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, समोरचे काका म्हणत होते, चर्चच्या बाजूने ये म्हणावं त्याला."

मी इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. वहिनींनी पण बघितलं. कारण समोरचे काका आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत, हे सगळ्या चाळीला माहीत आहे.

झालं असं होतं. बिल्डरला संमती द्यायच्या वेळी अख्ख्या चाळीने सह्या केल्या आणि काका एकटे अडून बसले. आधी भाड्याचं आणि ताब्याचं नीट लेखी द्या, मग सही, असं त्यांचं म्हणणं. बाबा तेव्हा सेक्रेटरी. मीटिंगा झाल्या, भांडणं झाली, आणि एक दिवस बाबांनी फळ्यावर लिहिलं, 'संमती न दिलेले सभासद', आणि खाली एकच नाव. जाता-येता पोरंसोरं ते नाव वाचायची. काकांनी सही केली आणि बाबांशी बोलणं टाकलं. पुढे खड्डा खणला, काम थांबलं, काकांचं बरोबर होतं हे सगळ्यांना कळलं. मग बाबांनी पण त्यांच्याशी बोलणं टाकलं. काका चुकले असते तर बाबांनी त्यांना केव्हाच माफ करून टाकलं असतं.

एजंटाला हे कुठलं माहीत असायला. त्याने दोघांनाही एकाच टेकडीवर आणून टाकलं. आम्ही माथ्यावर, आणि काका-काकी चर्चच्या बाजूला, अर्ध्या चढावर तळमजल्याला. म्हणून बाबा बेकरीने जायचे आणि बेकरीनेच यायचे. मला सांगायचे, चर्चच्या बाजूला कुत्री फार.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी सायकल घेऊन चर्चच्या बाजूने चढले. सोपा चढ कसला, बेकरीइतकाच उभा. मी मनातल्या मनात काकांचा उद्धार केला. अर्ध्यावर माझा दम संपला आणि मी पाय टेकला. मान वर केली तर समोर काकांचा ओटा. ओट्यावर एक प्लास्टिकची खुर्ची, खिडकीच्या गजाला नायलॉनच्या दोरीने बांधलेली. काका दारात पेपर वाचत होते.

"बस," ते म्हणाले. "हयसरच दम लागता."

"काका, हा चढ सोपा आहे असा निरोप आला होता."

"सोपो खंय म्हटलंय? ये म्हटलंय." त्यांनी पेपर खाली ठेवला. "तीस-पस्तीस वर्षं त्याच्या पाठीमागे बसलोय मी. त्याची पाठ कधी वाकते, श्वास कधी फुलतो, मला माहीत आहे. पायथ्यापासून इथपर्यंत तो येईल. याच्यापुढे एका दमात नाही येणार, कुठूनही नाही येणार. तू कितीही रस्ते शोध."

"मग खुर्ची का बांधलीय?"

"लोकं नेतात म्हणून," ते म्हणाले, आणि परत पेपर उचलला.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, चर्चचा रस्ता बरा आहे. वाटेत बसायला खुर्ची पण आहे.

"कोणाची?"

"आहे एकांची."

बाबांना बरोबर कळलं. "कुत्री आहेत तिकडे," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मी खूप बोलले. माणसाने किती हट्टी असावं याला काही मर्यादा, वगैरे. एका कुत्र्याचं नाव सांगा मला, इथपर्यंत गेले. ते क्रेन बघत राहिले. मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी फक्त जेवणापुरतं बोलले. म्हणजे आता घरात पण अबोला सुरू झाला. बापाच्याच वळणावर गेले असणार मी.

दसरा आला. बाबांनी सकाळी सायकल पुसली, चाकांना तेल दिलं, झेंडूचा हार घातला. हँडलला हळदकुंकू लावलं, मग मागे जाऊन कॅरियरला पण लावलं. मग शुभेच्छा लिहायला फळ्याकडे गेले. शेवटची फेरी आहे असं ना ते बोलले, ना मी. मला रडू येत होतं, म्हणून मी पुरीचं पीठ जरा जास्तच मळलं.

दादा गाडी घेऊन आला तो टपावर सायकल बांधायला दोरी घेऊनच. श्रीखंड नव्हतं आणलं, दोरी आणली होती. बाबांची यायची वेळ झाली तसे आम्ही बेकरीच्या चढणीच्या माथ्यावर जाऊन उभे राहिलो. वेळ झाली. वेळ टळली. फोन लावला तर तो घरात चार्जिंगला.

"पडले असणार," दादा म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. तो धावत खाली पायथ्यापर्यंत गेला, बाबा नाहीत. धावत वर आला, म्हणजे वाटेत दोनदा भिंतीला धरून उभा राहिला आणि मग आला. त्या क्षणी मला चर्चची बाजू आठवली. मी न बोलता पळाले, आणि तो धापा टाकत माझ्या मागे.

काकांच्या ओट्याला सायकल टेकवलेली होती, हार तसाच. बाबा खुर्चीत बसले होते, तोंड चर्चकडे. काका दारात, तोंड दुसरीकडे. मध्ये स्टुलावर दोन कप.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या बापाशीक सांग, चाय निवता हा."

बाबा चर्चकडे बघत म्हणाले, "त्याला सांग, साखर कमी पडलीय."

"त्याला सांग, डॉक्टरने बंद केलीय. दोघांची."

मी दोघांच्या मध्ये उभी राहून कुणालाच काही सांगितलं नाही. त्याची गरज पण नव्हती. दादाला दम खात बोलायला वेळ लागला. "बाबा, तुम्ही चढावर उतरलात," तो म्हणाला. "म्हणजे झेपत नाही हे तुम्हालाच कळलं ना."

"चढावर कोण उतरला?" बाबा म्हणाले. "मी दारात उतरलो."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. "ते जाऊ दे," तो म्हणाला. "दसऱ्यापर्यंत असं ठरलं होतं. ठरलं ते ठरलं." आणि तो दोरी घेऊन सायकलीकडे वळला.

"खंय चललंस?" काका उठले. त्यांना उठायला हल्ली भिंतीचा आधार लागतो. "सायकल कुणाला विचारून देताय?"

"काका, बाबांची आहे ती."

"सायकल त्याची. कॅरियर माझं. मी आणलं, मी बसवलं, मी वापरलं. माझ्या संमतीशिवाय हात लावायचा नाही." त्यांनी कॅरियरवर हात ठेवला. "आणि मी संमती देत नाही."

 आतून काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबांनी कप खाली ठेवला. त्यांच्या बोटांना खडू लागलेला होता, तो त्यांनी धोतराला पुसला. मग ते खुर्चीत पूर्ण वळले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे नाही, दादाकडे नाही, चर्चकडे नाही, सरळ काकांकडे बघून बोलले.

"ह्या टायमाक सही करू नको, मेल्या."

"करतंय कशाक," काका म्हणाले.

दादाची दोरी काकांनी ठेवून घेतली. काकींनी आतून दुसरी खुर्ची आणली होती, ती बांधायला.